मालबेक वाइन चाखतात तरी कशी? अन् त्याच रीतीने आपल्या मोहफुलाची पारख केली तर…

भंडारा : मोहफुलाची बातमी आपल्याकडे वर्षभर येते, पण बहुतेक एकाच साच्यात. नाल्याकाठी धाड, मोहफुलांचा सडवा जागेवरच नष्ट, प्लास्टिकचे ड्रम अन् जर्मनचे गंज जप्त, गुन्हा दाखल. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, गावाचं नाव तेवढं बदलतं. फूल कसं होतं, गोड होतं की आंबलेलं, कोणत्या झाडाचं होतं, याची चौकशी कोणी करत नाही.

दुसरीकडे शहरातल्या वाइनच्या दुकानात अर्जेंटिनाची एक लाल वाइन मिळते. नाव मालबेक. बाटलीच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हिला पिकलेल्या आलुबुखाराचा वास आहे, काळ्या बोरांचा आहे, जांभळ्या फुलांचा आहे. लोक ते वाचतात अन् महाग बाटली घेऊन जातात. वाइन चांगली असतेच, पण तिला भाव मिळवून देण्यात त्या शब्दांचाही मोठा हात आहे. हे शब्द येतात कुठून, वाइन चाखणारे नेमकं करतात काय, अन् ती रीत आपल्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलाला लावता येते का, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी दारू पिण्याची गरज नाही. खरे चाखणारेही पीत नाहीत, ते कसं ते पुढे येईलच.

मालबेक हे कंपनीचं नाव नाही, द्राक्षाचं वाण आहे. आपण चिन्नोर म्हणतो तेव्हा जसं धानाचं वाण सांगतो, तसंच. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या नैऋत्य भागातलं. काओर नावाच्या गावाभोवती त्याची जुनी लागवड आहे अन् तिथली वाइन इतकी गडद असायची की तिला ‘काळी वाइन’ म्हणत. शेजारच्या बोर्दो भागात मात्र मालबेकला कधी मानाचं पान मिळालं नाही. दुसऱ्या द्राक्षांच्या वाइनमध्ये रंग भरायला थोडी मिसळायची, एवढंच तिचं काम. त्यात हे द्राक्ष थंडीला नाजूक. १९५६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये असा काही गारठा पडला की बोर्दोतल्या मालबेकच्या बहुतेक वेली मेल्या. शेतकऱ्यांनी तिथे दुसरी वाणं लावली.

तोवर मालबेक समुद्र ओलांडून गेलेली होती. मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ती अर्जेंटिनात नेली. तिथल्या मेंदोसा प्रांतात १७ एप्रिल १८५३ रोजी शेतकी शाळा अन् रोपवाटिका काढण्याचा प्रस्ताव सरकारपुढे गेला. आज हाच दिवस जगभर मालबेक दिवस म्हणून पाळतात. मेंदोसा म्हणजे अँडीज पर्वताच्या पायथ्याचा कोरडा मुलूख. पाऊस नगण्य. डोंगरावरचा बर्फ वितळून जे पाणी येतं ते पाटांनी शेतात फिरवायचं. आपल्याकडे मालगुजारी तलावांचं पाणी बांधीत सोडतात, त्यांच्याकडे बर्फाचं. समुद्रसपाटीपासून नऊशे-हजार मीटर अन् त्याहून उंच असलेल्या त्या शेतांत दिवसा कडक ऊन, रात्री थंडी. फ्रान्समध्ये जे द्राक्ष कुरकुर करत होतं ते इथे जोमाने आलं.

तरी त्याला किंमत आली नव्हतीच. अर्जेंटिनात शंभर वर्षांहून जास्त काळ मालबेक म्हणजे रोजच्या जेवणाची स्वस्त वाइन. १९८० च्या दशकात भाव पडले तेव्हा लोकांनी मालबेकचे मोठे मळे उपटून टाकले. नव्वदच्या दशकात काही वाइनवाल्यांनी उंचावरचे जुने मळे शोधले, पीक मुद्दाम कमी घेतलं, द्राक्षं निवडून घेतली, स्वच्छ पद्धतीने वाइन केली अन् ती ‘मालबेक’ याच नावाने जगापुढे ठेवली. आज जगातली सर्वात जास्त मालबेक अर्जेंटिनात पिकते. वाण तेच होतं. निवड, स्वच्छता अन् ओळख नव्याने आली.

डोळा, नाक, मग जीभ

आता चाखण्याची रीत. कुठल्याही वाइनची हीच असते. काचेच्या, पोट फुगीर अन् तोंड निमुळतं असलेल्या ग्लासात एक तृतीयांशाहून कमी वाइन घेतात. ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग बघतात. मालबेक मधोमध गडद जांभळी दिसते अन् काठाला गुलाबी-जांभळी झाक असते. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहते ना, साधारण तशी. वाइन जुनी होत जाते तशी ही झाक विटकरीकडे झुकते. म्हणजे नुसत्या काठावरून वयाचा अंदाज येतो.

मग ग्लास गोल फिरवतात. हे शोभेसाठी नाही. फिरवल्याने वाइन काचेवर पसरते, हवा लागते अन् वास सुटतो. नाक ग्लासात घालून हुंगतात. बाटलीवर आलुबुखार, ब्लॅकबेरी, व्हायोलेटचं फूल असं लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याच्या गावात ती फळं-फुलं आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला त्याच ग्लासात पिकलेलं जांभूळ येईल, करवंद येईल, भिजवलेली काळी मनुका येईल. ते चूक नाही. वास ओळखणं म्हणजे आधी कधीतरी घेतलेल्या वासाशी जुळवणं, अन् प्रत्येकाची पेटी वेगळी असते.

तिसरी पायरी घोटाची. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवतात. गोडी किती, आंबटपणा किती, अन् तुरटपणा किती ते बघतात. लाल वाइनचा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून अन् बियांतून येतो. जास्त उकळलेला कोरा चहा पिल्यावर किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आवळतात, तोच हा प्रकार. मालबेकचा तुरटपणा मऊ मानतात, म्हणून नवख्यालाही ती फार बोचत नाही. अन् मग घोट थुंकून टाकतात. हो, थुंकतात. ज्यांचं कामच चाखण्याचं आहे त्यांना एका दिवसात पन्नास-साठ नमुने बघावे लागतात. पीत गेले तर दहाव्या नमुन्यालाच पारख संपेल. म्हणून शेजारी बादली ठेवलेली असते.

एक गोष्ट घरीच करून बघता येते. नाक चिमटीत घट्ट धरा अन् बडीशेप तोंडात टाकून चावा. थोडं गोड लागेल, बाकी काही कळणार नाही. आता नाक सोडा. एकदम बडीशेप लागते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशाच्या मागून नाकात जाणारा वास असतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू एवढं मोजकंच सांगते. सर्दीत जेवण सपक का लागतं, त्याचं कारणही हेच.

या सगळ्या वाइनच्या बोलण्यात ढोंगही भरपूर आहे, हे सांगितलं पाहिजे. फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांवर एक प्रयोग झाला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून ती त्यांना दिली. त्यांनी तिचं वर्णन करायला लाल वाइनचेच शब्द वापरले. डोळ्याने नाकाला फसवलं. तेव्हा कोणी फार मोठे शब्द वापरून वाइनबद्दल बोलू लागलं तर दबून जायचं कारण नाही. रीत मात्र खरी आहे, कारण ती क्रमाने, लक्ष देऊन अन् तुलना करत पारखायला लावते.

आणखी एक. मालबेक खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात असतं. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा खोलीच्या तापमानाची वाइन म्हणजे कोमट काढा. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय तिचा काहीच वास लागणार नाही, नुसती दारू नाकात जाईल.

मोहफुलाची पारख

मार्च उजाडला की धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर अन् जंगलात मोह टपटपू लागतो. फूल रात्री अन् पहाटे गळतं. मांसल, फिकट पिवळसर, आतून पोकळ. ताज्या फुलात बहुतांश पाणी असतं, वाळलं की वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. द्राक्ष वाळून मनुका होते, मोहफूल वाळून जवळपास तसंच होतं. जगात एवढी साखर असलेली फुलं फार थोडी. म्हणून ते आंबतं लवकर, म्हणून अस्वलाला आवडतं, अन् म्हणून पहाटे एकट्याने वेचायला जाणं धोक्याचं असतं.

वेचणाऱ्या बायांना कोणत्या झाडाचं फूल जास्त गोड, कोणत्याचं कडवट, हे तोंडपाठ असतं. मेंदोसातला शेतकरी आपल्या मळ्याबद्दल जे सांगतो, तेच हे ज्ञान. फरक असा की त्याच्या दोन मळ्यांची वाइन दोन बाटल्यांत, दोन भावांनी जाते. आपल्याकडे गोड झाड, कडवट झाड, पहाटेचं फूल, दुपारी मातीत लोळलेलं फूल, सगळं एका बोऱ्यात. व्यापारी हात घालून बघतो अन् बोऱ्याला एकच भाव सांगतो, तोही त्यातल्या वाईट फुलाचा.

वाइनचीच रीत इथे लावून बघा. आधी डोळा. नीट वाळलेलं नवं फूल तांबूस-सोनेरी ते मनुकेसारखं तपकिरी असतं. काळं पडलं असेल तर ते ओलं राहिलंय, उशिरा वाळलंय किंवा जुनं आहे. पांढुरकी बुरशी दिसली तर तो माल खाण्यात जाऊच नये. मग हात, जो वाइनला लागत नाही पण मोहाला लागतो. चांगलं फूल चामड्यासारखं लवचीक असतं. मुठीत दाबून सोडलं की मोकळं झालं पाहिजे. गोळा झाला तर पाणी आहे, चुरा झाला तर करपलंय.

नंतर नाक. मोहाचा वास मुळातच जड, काहींना तो नकोसा वाटतो. पण त्या जडपणाच्या आत मनुकेचा, काकवीचा गोड वास असला पाहिजे. आंबूस वास आला तर फूल वाळायच्या आधीच आंबायला लागलेलं आहे. धुराचा वास आला तर झाडाखालचा पालापाचोळा जाळून मग फुलं वेचलीत. जमीन साफ दिसावी म्हणून जाळतात, पण ती आग पसरून जंगलच पेटतं अन् फुलालाही धूर लागतो तो लागतोच. शेवटी जीभ. एक फूल धुऊन, आतलं केसर काढून चावायचं. केसर कडू असतं, म्हणून घरोघरी मोहाचे लाडू किंवा भाकर करण्याआधी ते काढतातच. चांगलं फूल आधी गोड लागतं, मग जरा तुरट, अन् गोडी घशात काही वेळ टिकते. दातांखाली कचकच आली तर मातीतून उचललेलं आहे, अन् तिथेच खाण्याच्या मालाचा भाव संपला.

ही कचकच टाळायचा उपाय महाग नाही. झाडाखाली जाळी बांधायची. फूल जमिनीला लागतच नाही, पाला जाळावा लागत नाही, वाकून एकेक वेचायचा त्रास वाचतो. वाळवतानाही अंगणातल्या मातीवर न टाकता उंच केलेल्या जाळीवर पातळ पसरायचं. मध्य प्रदेशात वन विभागाने उमरिया, अलिराजपूर अशा जिल्ह्यांत असा जाळीवरचा, खाण्यायोग्य प्रतीचा मोह गोळा करायला लावला. तिथे मोहाचा आधारभाव किलोला ३५ रुपये असताना ब्रिटनमधल्या एका कंपनीशी ११० रुपयांच्या दराने सौदा ठरला. बिस्किटं, मिठाई, चहा असल्या मालासाठी. दारूचा त्यात संबंध नाही.

बदनामी कशी झाली

मोह म्हणजे दारू अन् दारू म्हणजे गुन्हा, हे समीकरण फार जुनं नाही. संस्कृतात याच झाडाला मधूक म्हणतात अन् आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते आहे. इंग्रज सरकारला दारूवरच्या करातून मोठं उत्पन्न मिळायचं. गावोगावी गाळल्या जाणाऱ्या मोहाने ते बुडत होतं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा अन् १८९२ चा खास मोहफुलांचा कायदा, दोन्ही त्यातूनच आले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, अन् पुढे इथेही १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली मोहफुलावरची बंधनं लागू झाली. आपल्याच झाडाचं फूल घरात किती ठेवायचं, याचीही भीती.

ती भीती २०२१ मध्ये बरीच गेली. राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, बाळगणं अन् त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडं, मोहफुलं यांच्यापासून परवान्याने होणारं मद्य देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घ्यायचं ठरवलं. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची : फूल ठेवायला मोकळीक आहे, परवान्याशिवाय दारू गाळायला नाही. अन् लाखांदूरकरांनी हेही विसरू नये की शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. इथून तिथे बाटली नेणं हाच गुन्हा.

परवाना घेऊन मोहाचं मद्य बाटलीत भरणारे आज आहेत. गोव्याच्या डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाचं मद्य बाजारात आणलं. मध्य प्रदेशात अलिराजपूरच्या बचत गटाचं ‘मोंड’ अन् दिंडोरीच्या गटाचं ‘मोहुलो’ सरकारी धोरणातून आलं. आपल्याच राज्यात डहाणूची साउथ सीज डिस्टिलरीज ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ विकते. त्यांच्या बाटल्यांवरही आता फुलांचा वास, मसाल्याचा वास असं लिहिलेलं असतं. गोव्याच्या काजू फेणीने हाच रस्ता आधी चालून दाखवला. तिला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. नाशिकच्या वाइनलाही आहे. आपल्या चिन्नोरलाही मिळालं. विदर्भातल्या मोहफुलाच्या नावाने अशी बाटली किंवा पाकीट अजून दुकानात शोधावं लागतं.

जिभेला जे कळत नाही

इथवर नाक-जिभेचं कौतुक झालं. पण एका बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवणं जिवावर बेतू शकतं. हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळलेलं असेल तर ते चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. ते साध्या दारूसारखंच लागतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, त्यांनीही ती चाखूनच पिली होती. मिथेनॉलचा खरा त्रास बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो : धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं येणं, पोटात दुखणं, ओकारी, श्वास जोराने चालणं. उतरली नाही म्हणून झोपू द्यायचं नाही. १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्यायचं अन् काय पिलं ते न लपवता सांगायचं. वेळेत गेलं तर उपचार आहे, उशीर झाला तर डोळे जातात, नाहीतर जीवच.

‘पहिल्या धारेची’ म्हणजे एक नंबर, हाही असाच गैरसमज. कडक असते म्हणून नाव झालं. परवानाधारक डिस्टिलरीत मात्र सुरुवातीला येणारा भाग बाजूला काढतात, कारण नाकाला झोंबणारी, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येणारी रसायनं त्यातच जास्त असतात. नवसागर टाकलेल्या सडव्यात फुलाची चव शोधण्यात तर काही अर्थच नाही.

वाइनबद्दलही बोलायचं तर ती फळांच्या रसाची म्हणून औषधी, असं समजू नये. मालबेकमध्ये साधारण तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, बिअरच्या दुप्पटीहून जास्त. दारूचं कोणतंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपल्या राज्यात वाइन-बिअरसाठी किमान वय २१ अन् कडक मद्यासाठी २५ आहे.

मोहफुलाची पारख मात्र कोणत्याही वयात करता येते, अन् त्याला परवाना लागत नाही. येत्या हंगामात एखाद्या बचत गटाने एवढंच करून बघावं. जाळीवरचं फूल वेगळं, जमिनीवरचं वेगळं. गोड झाडांचं वेगळं, बाकीचं वेगळं. प्रत्येक ढिगातलं मूठभर फूल काचेच्या बरणीत भरून वर चिठ्ठी लावायची : तारीख, गाव, झाड, जाळी की जमीन. व्यापारी आला की बोऱ्यात हात घालू देण्याआधी त्याच्यापुढे बरण्या ठेवायच्या अन् प्रत्येक बरणीचा भाव वेगळा विचारायचा.